शिवण कुठं आहे?

टी.वाय.ला ऑरगॅनिक केमिस्ट्री म्हणजे पाठांतर, अशी आमच्या वर्गाची पक्की समजूत होती. माझी ती मोडली रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या १९१७ मधल्या ट्रोपिनोनच्या संश्लेषणानं.

ट्रोपिनोन म्हणजे अ‍ॅट्रोपिनचा सांगाडा. डोळे तपासताना बाहुली मोठी करायला घालतात ते अ‍ॅट्रोपिन. उकिरड्यावर माजणाऱ्या धोतऱ्यातही असतं. सात कार्बनांचं कडं आणि त्यावर पुलासारखा आडवा टाकलेला नायट्रोजन. रिचर्ड विल्श्टेटर यांनी १९०१ मध्ये आधी कडं घेतलं, मग एकेक पायरी करत पूल बांधला. शेवटी यील्ड एक टक्कासुद्धा नाही. कामात खोट नाही, पण वाचतानाच दमायला होतं.

रॉबिन्सन यांनी आधी रेणू नुसता न्याहाळला. हा उसवायचाच झाला तर कुठं उसवेल? तिथं त्यांनी तुटक रेषा मारल्या आणि तीन साधे तुकडे सुटे झाले: सक्सिनाल्डिहाइड, मेथिलअमाइन, अ‍ॅसिटोन. मग तेच पाण्यात एकत्र केले. साध्या तापमानाला, एकाच भांड्यात.

फक्त अ‍ॅसिटोन आळशी निघालं. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना एकेक कार्बॉक्सिल गट असलेलं आम्ल घेतलं, आणि माझा जीव अडकला तो इथं. कार्बन मोजा: चार, एक आणि पाच, म्हणजे दहा. ट्रोपिनोनमध्ये आठच! दोन गेले कुठं? त्या कार्बॉक्सिल गटांनी शेजारच्या कार्बनांना चपळ केलं, त्यांनी डावीकडे एक मॅनिक अभिक्रिया (कार्बनला कार्बन जोडणारी) केली, उजवीकडे दुसरी, कडं मिटलं. आणि काम झाल्यावर दोघेही कार्बन डायऑक्साइड होऊन निघून गेले. स्लॅब भरल्यावर सेंटरिंग काढावं, तसं. फरक इतकाच की इथं ते आपणहून उतरतं.

हा मेकॅनिझम आम्ही वाकड्या बाणांनी वहीत काढला. ते बाणही रॉबिन्सन यांचेच, पण १९२२ मधले, विल्यम कर्मॅक यांच्या जोडीनं आणलेले. म्हणजे १९१७ मध्ये बाणांशिवायच त्यांना हे दिसलं होतं. याचं मला अजून नवल वाटतं.

वनस्पतीही असंच काही करत असाव्यात, असा त्यांचा कयास होता. तपशील पुढं वेगळे निघाले. पण आधी नायट्रोजनचं पाच अणूंचं कडं आणि मागाहून कार्बनांची दुसरी बाजू, हा क्रम धोतऱ्यातही तोच.