वस्तू आणि कथावस्तू : स्थिरचित्राच्या वाचनाचा प्रश्न

१

युरोपीय चित्रकलेतील एका प्रकाराला मराठीत स्थिरचित्र आणि वस्तुचित्र अशी दोन नावे आहेत. शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेल्या महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांना ती भांडी, फळे आणि मागे सोडलेले कापड या ठरावीक मांडणीमुळे परिचित आहेत. सतराव्या शतकाच्या मध्यास डच भाषेत या प्रकारासाठी जे नाव रूढ झाले त्याचा अर्थ 'निश्चल जीवन' असा होतो. फ्रेंचांनी पुढे अठराव्या शतकात त्यालाच 'मृत निसर्ग' म्हटले. एका नावाचा भर जीवनावर आहे, दुसऱ्याचा मृत्यूवर. निश्चलता मात्र दोघांनीही गृहीत धरली आहे. 'वस्तुचित्र' ही संज्ञा एक निराळाच प्रश्न पुढे आणते. संस्कृत नाट्यविचारात 'वस्तु' म्हणजे कथानक. दहाव्या शतकातील धनंजयाने 'दशरूपका'त रूपकांचे भेद वस्तू, नेता आणि रस या तीन घटकांच्या आधारे केले आहेत, आणि 'कथावस्तू' या शब्दात तो अर्थ मराठीनेही जपला आहे. हाताने उचलता येणारा पदार्थ आणि घटनांची गुंफण या दोहोंना एकच शब्द असावा, हा केवळ भाषिक योगायोग मानला तरी तो उद्बोधक आहे. कारण वस्तुचित्रात पहिल्या अर्थाची वस्तू असते आणि दुसऱ्या अर्थाची नसते. तेथे नेताही नसतो. मग उरलेल्या रसाचा आधार कोणता?

हा प्रश्न चित्रकलेपुरता मर्यादित नाही. कथा-कादंबरीतील वर्णन, कवितेतील घरगुती पदार्थांचे उल्लेख, कथानकाला पुढे न नेणारा तपशील यांचे वाचन समीक्षा कसे करते, याच्याशी तो जोडलेला आहे. कथावस्तूवाचून वस्तू वाचता येते का, हा या प्रश्नाचा गाभा होय. स्थिरचित्रासंबंधीच्या विवेचनाचा इतिहास पाहिला तर असे आढळते की चित्रकाराने जी कथा काढून टाकली ती समीक्षेने वारंवार परत आणून बसविली आहे.

२

या प्रकाराला मिळालेल्या गौण स्थानाचे मूळ याच अभावात आहे. रोमन लेखक प्लिनी याने आपल्या बृहद्ग्रंथाच्या पस्तिसाव्या भागात पिराइकोस नावाच्या ग्रीक चित्रकाराची हकिकत दिली आहे. न्हाव्यांची आणि चांभारांची दुकाने, गाढवे, खाद्यपदार्थ हे त्याचे विषय. आणि त्यावरून त्याला हिणकस गोष्टींचा चित्रकार असे उपनाव पडले. परंतु त्याची लहान चित्रे इतरांच्या भव्य चित्रांपेक्षा अधिक किमतीला विकली जात, हेही प्लिनी नमूद करतो. तुच्छता आणि आकर्षण यांचे हे द्वंद्व पुढेही टिकून राहिले. फ्रेंच अकादमीतील १६६७ सालच्या व्याख्यानांना लिहिलेल्या प्रस्तावनेत फेलिबियँने चित्रप्रकारांची उतरंड मांडली. तिच्या शिखरावर इतिहास आणि पुराणकथा रंगविणारा चित्रकार होता. तळाशी फळे, फुले आणि शिंपले रंगविणारा. निर्जीव आणि गतिहीन गोष्टींचे चित्रण मानवी कृतीच्या चित्रणापेक्षा हीन, हा त्यामागील निकष ॲरिस्टॉटलच्या शोकात्मिकाविचाराशी नाते सांगणारा आहे. कथानकाला काव्याचा प्राण मानले की कथानकाविना उरलेल्या गोष्टी प्राणहीन ठरणे क्रमप्राप्तच होते.

ही उणीव भरून काढण्याचा पहिला उपाय म्हणजे प्रतीक. सतराव्या शतकातील डच चित्रांत कवटी, विझलेली मेणबत्ती, वाळूचे घड्याळ या गोष्टी आल्या की त्यांचा अर्थ ऐहिकाची नश्वरता असा लावता येतो. अनेक ठिकाणी तो योग्यही आहे. मात्र या किल्लीने अर्धवट सोललेले लिंबू, कलंडलेला प्याला, चुरगळलेला रुमाल असे सर्वच उघडू लागले की वस्तू म्हणजे केवळ उपदेशाचे वेष्टन होते. स्वेतलाना आल्पर्स यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या वाचनाला हरकत घेतली. इटालियन चित्रकला निवेदनाची, तर डच चित्रकला वर्णनाची आहे. दुसरीला पहिलीचे निकष लावणे चुकीचे आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे जॉर्ज लुकाचच्या १९३६ मधील निबंधाची आठवण होणे स्वाभाविक आहे. निवेदन की वर्णन, हाच त्या निबंधाचा विषय. झोला आणि टॉलस्टॉय यांच्या कादंबऱ्यांतील घोड्यांच्या शर्यतींची तुलना करून लुकाच असा निष्कर्ष काढतो की वर्णन सर्व गोष्टींना एकाच पातळीवर आणते. वस्तूला महत्त्व येते ते ती मानवी नियतीत गुंतलेली असते तेव्हाच. हा युक्तिवाद मान्य केला तर स्थिरचित्र हा प्रकारच बाद होतो. तो बाद होत नाही, प्रेक्षक त्यापुढे थबकतो, ही वस्तुस्थिती लुकाचच्या सिद्धांतापुढील अडचण म्हणून मोजली पाहिजे.

३

दुसरा उपाय अधिक सूक्ष्म आहे : वस्तूला मालक मिळवून देणे. व्हॅन गॉगच्या १८८६ मधील जोड्यांच्या चित्रावरून झालेला वाद हे त्याचे ठळक उदाहरण होय. कलाकृतीच्या स्वरूपाविषयीच्या, १९३५ मध्ये प्रथम दिलेल्या आणि १९५० मध्ये ग्रंथात समाविष्ट झालेल्या व्याख्यानात हायडेगरने या जोड्यांत एका शेतकरी स्त्रीचे सारे विश्व पाहिले : तिचे कष्ट, ओली जमीन, भाकरीची चिंता. मायर शपिरो यांनी १९६८ मध्ये त्याला उत्तर दिले. त्यांच्या मते हे जोडे शेतकरी स्त्रीचे नसून शहरात राहणाऱ्या चित्रकाराचे स्वतःचे आहेत. तत्त्वज्ञाने आपलेच काही चित्रावर आरोपित केले आहे. देरिदाने १९७८ मध्ये या दोघांचीही उलटतपासणी केली. जोडे कोणाला तरी परत करण्याची ही घाई कशासाठी, आणि मुळात ते एकाच जोडीतले आहेत हे तरी कशावरून, असे त्याचे प्रश्न होते.

या वादातील गमक असे की चित्रात पाय नाहीत, माणूस नाही, वाटही नाही. तरीही दोन थोर अभ्यासकांना त्या रिकाम्या जोड्यांत कोणाला तरी उभे केल्यावाचून राहवले नाही. हायडेगरचे वाचन काव्यात्म आहे, शपिरोंचे चरित्रात्मक. पण दोन्ही वाचने नेत्याची जागा भरतात. देरिदाने ती जागा पुन्हा रिकामी केली हे खरे. परंतु त्याच्याही हातात शेवटी जोडे फारसे उरत नाहीत. उरतो तो जोड्यांविषयीचा वाद.

याच्या नेमकी उलट भूमिका रूपवादाची. मराठीत ती मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथामुळे सुपरिचित आहे. चित्रकलेचे माध्यम रंग-रेषांच्या संवेदना आणि सौंदर्य म्हणजे त्यांची लयबद्ध संघटना, असे मानल्यावर फळ हे फळ आहे की नाही हा मुद्दाच गैरलागू ठरतो. या भूमिकेने स्थिरचित्राची कथेच्या जाचातून सुटका केली, यात शंका नाही. मात्र कथावस्तूबरोबर वस्तूही निघून गेली. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद असे जे दोन ध्रुव दाखविले त्यांची कसोटी पाहणारा चित्रप्रकार म्हणून स्थिरचित्राकडे पाहता येईल. येथे चित्रविषय अत्यंत लौकिक आहे. अनुभव मात्र लौकिक व्यवहारात विरून जात नाही. वस्तूचे लौकिकत्व जपूनही ती कथेच्या हवाली न करणारे वाचन शक्य आहे का?

४

झाँ सिमेओं शार्दँ (१६९९–१७७९) या फ्रेंच चित्रकाराच्या कृतींत या प्रश्नाच्या उत्तराची दिशा सापडते. १७२८ मध्ये अकादमीने त्याला प्रवेश दिला तो प्राणी आणि फळे यांचा चित्रकार म्हणून, म्हणजे उतरंडीच्या तळाशी. त्या वेळी स्वीकारल्या गेलेल्या दोन चित्रांपैकी एकात भिंतीवर टांगलेला, पोट चिरलेला रे मासा आहे. खाली कालवे, बिचकलेली मांजर, भांडी, आणि कापडाखालून कडेबाहेर आलेली सुरीची मूठ. ही मूठ प्रेक्षकाच्या बाजूला वळलेली आहे. चित्रात माणूस नाही. पण मूठ ज्या हातासाठी आहे त्याची जागा तिने राखून ठेवली आहे. तो हात कोणाचा, हे चित्र सांगत नाही आणि सांगण्याची गरजही नाही. मूठ कोणत्याही हाताला बसते, हेच तिचे मूठपण. मालक आणि वापर यांतील भेद येथे स्पष्ट होतो : मालक एक असतो, वापर अनेकांचा आणि अनेकदा होणारा असतो.

शार्दँच्या उत्तरायुष्यातील, १७६० च्या सुमारास रंगविलेल्या एका चित्रात पाण्याचा पेला, कॉफीचे भांडे आणि लसूण, एवढ्याच गोष्टी आहेत. यांतून कोणतीही घटना रचता येत नाही. मात्र त्याची चित्रे एकत्र पाहिली की एक बाब ध्यानात येते : तीच भांडी पुन्हा पुन्हा भेटतात. चांदीचा एक पेला त्याच्या आरंभीच्या चित्रांत आहे आणि १७६८ च्या आसपासच्या चित्रातही आहे. तोटीचे तांब्याचे पिंप एका चित्रात एकटे उभे आहे. १७३३ च्या चित्रात एक स्त्री तशाच पिंपातून पाणी काढते आहे. पहिल्या पत्नीच्या मृत्यूनंतर १७३७ मध्ये त्याच्या घरातील चीजवस्तूंची जी यादी करण्यात आली तिच्यातही अशा पिंपाची नोंद आहे.

या पुनरावृत्तीचे कारण साधनांची मर्यादा एवढेच मानले तर तिच्यातील अर्थ हातचा जातो. कथानकाचा काळ एकदाच घडणाऱ्या गोष्टींचा असतो. राजा एकदाच मरतो, नायिका एकदाच घर सोडते. पाणी मात्र रोज भरले जाते, भांडे रोज घासले जाते. वस्तूंचे आयुष्य या आवर्ती काळात जाते, आणि नेमका हाच काळ कथानकाला पेलत नाही. कथानक त्याचा उल्लेख करून पुढे सरकते. तेव्हा स्थिरचित्र कालहीन आहे हे म्हणणे बरोबर नाही. त्यात एकदाचा काळ नाही, रोजचा काळ आहे. पेल्याच्या कडेवरील तेज हे पुसण्याच्या असंख्य कृतींचे साचलेले रूप होय. दिदेरोने शार्दँची मनःपूर्वक प्रशंसा केली ती मुख्यतः रंगलेपाच्या जादूची; ती जादू ज्या रोजच्या सरावातून येते तो सराव आणि भांड्यांचा सराव एकाच जातीचे आहेत, असे म्हणता येईल.

५

या निष्कर्षावर एक गंभीर आक्षेप संभवतो. रोजच्या काळाचा गौरव करताना इतिहासाचा काळ लपविला जात नाही का? ॲम्स्टरडॅमच्या राईक्स संग्रहालयात पीटर क्लासने १६२७ मध्ये रंगविलेले मेजवानीचे चित्र आहे. त्यात टर्की पक्ष्याचे मांस भरलेली पेस्ट्री आहे, चिनी मातीची भांडी आहेत, शंखाचा प्याला आहे. आणि पंचांगाच्या छापील पानाच्या पुडीत मिरी आहेत. मेज निवांत आहे. परंतु टर्की मूळचा अमेरिकेचा, मातीचे भांडे चीनचे आणि मिरी आशियाची. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने १६२१ मध्ये जायफळाच्या मक्तेदारीसाठी बांदा बेटांवरील बहुसंख्य रहिवाशांचा संहार केला किंवा त्यांना देशोधडीला लावले. क्लासचे चित्र त्यानंतर सहा वर्षांनी रंगविले गेले. मसाल्यांच्या व्यापाराचा हा इतिहास मेजावर दिसत नाही. वस्तूंच्या या शांततेत मालकीचे समाधान आहे, हे रोलाँ बार्थने १९५३ च्या निबंधात दाखवून दिले होते. शार्दँबाबतही असेच विचारता येते : तांब्याचे पिंप लखलखीत ठेवणारी मोलकरीण कोठे आहे?

हा आक्षेप टाळता येणार नाही. मात्र त्याच्या परिहारासाठी बाहेरून कथा आणण्याचीही आवश्यकता नाही. पुडी स्वतःच बोलते. जुन्या पंचांगाचे पान दुकानदाराने गुंडाळले. म्हणजे गेल्या वर्षाचा काळ रद्दी झाला आणि त्यात दूरदेशीचा माल बांधला गेला. छपाई, किरकोळ विक्री आणि सागरी व्यापार हे तिन्ही व्यवहार त्या कागदाच्या घडीत दिसतात. हे वाचन प्रतीकाचे नाही, कारण मिरी येथे मिरीच राहतात. मालक शोधणारेही नाही, कारण पुडी कोणी विकत घेतली हे ठाऊक नसले तरी चालते. वस्तू कशी घडली, कशी आली आणि कशी वापरली गेली याच्या खुणा तिच्या अंगावरच असतात. त्या खुणांपासून इतिहासाकडे जाणे आणि ठरलेल्या कथेपासून वस्तूकडे येणे या दोन भिन्न दिशा आहेत. मोलकरणीचा प्रश्नही पहिल्या दिशेने गेल्यावर अधिक धारदार होतो. कारण ती तेथे व्यक्ती म्हणून नाही, परंतु धातूवरील प्रत्येक तिरीप तिच्या श्रमाची साक्ष आहे. शार्दँने भांडी घासणाऱ्या स्त्रीचे स्वतंत्र चित्रही १७३८ मध्ये रंगविले. त्यामुळे हा दुवा त्याला अज्ञात होता असे मानता येत नाही.

६

साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने यातून काय निष्पन्न होते? फ्लोबेरच्या कथेत पियानोवर एक वायुभारमापक आहे. बार्थने १९६८ मध्ये त्याच्यावरून असे प्रतिपादन केले की कथानकाला निरुपयोगी असलेला तपशील केवळ 'हे वास्तव आहे' एवढेच सुचवितो. या मांडणीतही उपयोग म्हणजे कथानकाला होणारा उपयोग, हे गृहीत आहे. घरात त्या यंत्राचा निराळा उपयोग होता : कोणी तरी रोज त्याच्याकडे पाहून हवेचा अंदाज घेत असे. कथेत न आलेला हा रोजचा काळ वर्णनामुळे कथेच्या कडेला उभा राहतो आणि तिच्या एकदाच्या काळाला पार्श्वभूमी देतो. धनंजयाने वस्तूचे आधिकारिक आणि प्रासंगिक असे भाग पाडले होते; या यंत्राची गणना दोहोंतही करता येत नाही, आणि तरीही ते काढून टाकले तर कथेतील घर ओसाड होते.

साहित्यकृतीत एखादे भांडे, कंदील किंवा जाते आले की त्याला प्रतीकाचे पद देऊन अथवा पात्राच्या मनःस्थितीचा निदर्शक ठरवून मोकळे होण्याची सवय समीक्षेला लागलेली आहे. जात्याचा अर्थ लावण्यापूर्वी त्याचा खुंटा किती झिजला आहे हे लेखकाने सांगितले आहे का, ते पाहणे आवश्यक आहे. झीज हा वस्तूच्या अंगावर लिहिलेला काळ आहे. जेथे लेखकाने तो लिहिला आहे तेथे समीक्षेने तो वाचला पाहिजे. जेथे लिहिलेला नाही तेथे कथावस्तू आणून ती जागा भरणे म्हणजे वस्तूला पुन्हा मुकी करणे होय.