नाव झाकलं, रेषा कशी झाकणार?

जयंत नारळीकर जन्माने कोल्हापूरचे (१९३८). १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, पण नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःचीच आद्याक्षरं उलटी फिरवलेली. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत मंगलाताईंनी लिहून काढली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं.

हा किस्सा आपण नम्रतेचा नमुना म्हणून सांगतो. मला तो पद्धतीचा धडा वाटतो. परीक्षकासमोर फक्त मजकूर उरला पाहिजे. शोधनिबंधाच्या अनाम परीक्षणात तरी दुसरं काय असतं?

पण हौशी विज्ञानकथा-अंकाला चित्रंही लागतात, आणि चित्रकाराला ‘जगताप’ होता येत नाही. दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ सही न बघताही ओळखू यायचं. रेषा हेच त्याचं हस्ताक्षर; ती दुसऱ्याकडून उतरवून घेतली तर चित्रच बदलतं. शिवाय कृष्णविवर कागदावर कसं दिसावं, हे तोच ठरवतो. म्हणजे कथेचा पहिला अर्थही तोच लावतो.

तेव्हा शिवाजी पेठेतून चालत करवीर नगर वाचन मंदिरात जाल आणि जुना अंक हातात घ्याल, तेव्हा वहीत चार रकाने आखा: लेखक, टोपणनाव, चित्रकार, साल. तिसरा रिकामा सोडलात, तर समीक्षा अर्ध्याच अंकाची झाली म्हणून समजा. आणि स्वतः कथा पाठवणार असाल, तर चित्रकाराचं नाव छापणार ना, हे आधी विचारून घ्या.