पटलावर ठेवलेला अहवाल: तारीख कोणाच्या हातात?

सरकारी अहवालाचा संदर्भ देताना आपण त्याचं वर्ष लिहितो आणि पुढे जातो. पण अशा अहवालाला किमान दोन तारखा असतात. एक तो सरकारकडे सोपवल्याची आणि दुसरी तो संसदेच्या किंवा विधानसभेच्या पटलावर ठेवल्याची. माझ्या मते, आपल्या पद्धतीतला मोठा दोष या दोन तारखांच्या मधे आहे.

आधी पद्धत बघू. लोकसभेत साधारणपणे प्रश्नोत्तराचा तास संपला की मंत्री उभे राहतात आणि कामकाजाच्या यादीत आपल्या नावापुढे असलेली कागदपत्रं पटलावर ठेवत असल्याचं सांगतात. काही मिनिटांत अहवाल, अधिसूचना, वार्षिक लेखे असा ढीगभर ऐवज अधिकृतपणे सादर होतो. तेव्हा चर्चा होत नाही, मतदानही नाही. पण अहवाल सार्वजनिक होतो तो तिथून. त्याआधी तो छापून तयार असला, तरी तुमच्या-माझ्या हाती येत नाही.

हा दिवस कोण ठरवतं? इथे नियम एकसारखे नाहीत:

• केंद्राच्या स्वायत्त संस्थांचे वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षित हिशेब आर्थिक वर्ष संपल्यापासून 9 महिन्यांत ठेवावेत, अशी संसदीय समितीची शिफारस आहे. उशीर झाला तर कारणांचं निवेदन जोडावं लागतं.
• चौकशी आयोगाचा अहवाल 6 महिन्यांत, सरकारने काय कार्यवाही केली त्याच्या टिपणासह ठेवावा, असं 1952 चा कायदा सांगतो.
• कॅगचा अहवाल राष्ट्रपतींकडे किंवा राज्यपालांकडे जातो आणि ते तो सभागृहापुढे ठेववतात, असं संविधानाचा अनुच्छेद 151 म्हणतो. किती दिवसांत, ते म्हणत नाही.

म्हणजे सरकारच्या खर्चाची सर्वांत कसून तपासणी ज्या कागदात होते, त्यालाच मुदत नाही!

बरं, मुदत असली की प्रश्न सुटतो का? लिबरहान आयोगाचा अहवाल 30 जून 2009 रोजी सरकारला मिळाला आणि 24 नोव्हेंबरला पटलावर आला. मुदत पाळली गेली, पण त्यातला मजकूर एका वर्तमानपत्रात आदल्या दिवशीच छापून आला होता. नानावटी-मेहता आयोगाचा अंतिम अहवाल नोव्हेंबर 2014 मध्ये सोपवला गेला. गुजरात विधानसभेत तो आला डिसेंबर 2019 मध्ये. 6 महिन्यांची 5 वर्षं झाली. दिल्लीत कॅगचे 14 अहवाल अडकून होते. ते फेब्रुवारी 2025 पासून, म्हणजे सरकार बदलल्यावर, विधानसभेत येऊ लागले. पक्ष वेगवेगळे, वागणूक तीच.

सरकारची बाजूही ऐकू. कार्यवाहीचं टिपण तयार करायला वेळ लागतो आणि सभागृह चालू असावं लागतं. पहिलं कारण आयोगांना लागू पडतं. कॅगच्या अहवालासोबत मात्र असं टिपण ठेवायचं नसतं. खात्यांची उत्तरं नंतर लोकलेखा समितीकडे जातात. उरतं अधिवेशनाचं कारण, पण त्याने फार तर काही महिने जातील, वर्षं नाहीत. ब्रिटनमध्ये 1983 च्या कायद्याने खर्चाच्या परिणामकारकतेबद्दलचे अहवाल महालेखापरीक्षक स्वतःच हाउस ऑफ कॉमन्सला देऊ शकतात. आपल्याकडे ज्याची तपासणी झाली, त्याच्याच हातात निकाल जाहीर करायची तारीख आहे. अहवालावर सही झाल्यापासून ठरावीक दिवसांत तो आपोआप सभागृहाकडे जावा, एवढी दुरुस्ती पुरेशी ठरेल.

ती होईल तेव्हा होईल. तोवर आपण काय करायचं? संशोधनपत्रिका लेखाखाली 'प्राप्त', 'स्वीकृत', 'प्रकाशित' अशा तारखा छापते, तशी नोंद सरकारी अहवालांसाठी स्वतः ठेवा. कॅगच्या अहवालात सहीची तारीख सापडते. ती पटलावर ठेवल्याच्या तारखेशी ताडून बघा. विलंबाची निवेदनंही वाचा. कोणत्या संस्थेचे हिशेब का रखडले, हे तिथे सरकारच्याच शब्दांत मिळतं. आणि 2019 मध्ये सार्वजनिक झालेल्या अहवालाच्या आधारे '2015 मध्ये लोकांना हे माहीत होतं' असं विधान प्रबंधात करू नका.