जासुदाच्या हातचें पत्र

जुन्या मराठी दप्तरांतून 'जासूद' हा शब्द वारंवार आढळतो. पत्रें घेऊन मजल दरमजल धांवणारा तो जासूद, आणि शत्रूच्या गोटांतील बातमी काढून आणणारा तोही जासूदच. एका शब्दांत हे दोन धंदे कां सामावले, याचा उलगडा करण्यास फारसें पांडित्य नको. जो पत्र नेतो त्यास तें कोणीं कोणास लिहिलें, केव्हां लिहिलें आणि उत्तर किती घाईनें आलें, हें लखोटा न फोडतांच कळतें. व्हॉट्सॲपला पर्याय म्हणून जीं साधनें हल्लीं सुचविलीं जातात, त्यांविषयींचें मराठी लिखाण वाचतांना हा शब्द आम्हांस राहून राहून आठवतो. कारण त्या लिखाणांत लखोट्याच्या मोहोरेची चर्चा फार, आणि जासुदाची जवळजवळ नाहींच.

जानेवारी २०२१ मध्यें व्हॉट्सॲपनें आपल्या नव्या अटी मान्य करण्याविषयीं सर्वांस सूचना धाडली, तेव्हां आम्ही जालन्यास होतों. आमच्या कुटुंबांतील एका तरुणानें उत्साहानें सर्वांच्या मोबाइलवर सिग्नल बसवून दिलें. आजीबाईंनीं त्यावर अंगणांतील तुळशीचें छायाचित्रही धाडलें. पंधरवड्यांत सर्व मंडळी परत जुन्या ठिकाणीं! मुलांच्या शाळेचा ग्रुप तेथें, मोसंबीच्या भावाचा ग्रुप तेथें, बियाण्याच्या दुकानाची पावती तेथें, आणि नात्यांतील स्थळें सुचविणारा ग्रुपही तेथेंच. हें परत येणें आम्ही तेव्हां आळसाचें लक्षण समजलों होतों. आतां तसें वाटत नाहीं. तें कां, हें पुढें सांगूं.

प्रथम ज्याचें श्रेय त्यास द्यावें. व्हॉट्सॲपवरील मजकुरास २०१६ सालापासून जें कुलूप आहे तें खोटें नाहीं. तें धाडणाऱ्याच्या यंत्रावर लागतें, घेणाऱ्याच्याच यंत्रावर उघडतें, आणि मधल्या कंपनीपाशीं किल्ली नसते. शिवाय त्या कुलुपाची घडण मुळांत सिग्नलच्याच कारागिरांची आहे. मग भेद कोठें? भेद जासुदांत. व्हॉट्सॲपची मालकी मेटा कंपनीची, तिचा धंदा जाहिरातींचा. आणि कोण कोणाशीं केव्हां व किती बोलतो, कोणत्या ग्रुपांत असतो, ही माहिती व्हॉट्सॲपच्या दृष्टीआड नसते. सिग्नल हें नफ्यासाठीं न चालणाऱ्या एका प्रतिष्ठानाकडे आहे. तें २०१८ सालीं स्थापन झालें, आणि त्याच्या संस्थापकांपैकीं एक गृहस्थ व्हॉट्सॲपचेही संस्थापक होते, हा योगायोग मौजेचा आहे. अमेरिकेंत न्यायालयाच्या हुकुमानें माहिती मागितली गेली असतां सिग्नलला देतां आलें तें इतकेंच, कीं खातें केव्हां उघडलें व शेवटीं केव्हां वापरलें. हा जासूद आंधळा आहे, आणि हें आंधळेपण त्यानें बुद्ध्याच पत्करलें आहे.

टेलिग्रामची गुप्ततेविषयीं जी ख्याति आहे तिचें मात्र आम्हांस नवल वाटतें. त्यावरील नेहमींचें संभाषण कंपनीच्याच यंत्रांवर, कंपनीला उघडतां येईल अशा रीतीनें राहतें. खरें कुलूप 'गुप्त संभाषण' म्हणून निराळें सुरू केलें तरच, आणि तेंही दोघांपुरतें. उलटपक्षीं व्हॉट्सॲपचे चाहतेही एक गोष्ट विसरतात. संभाषणाची जी प्रत गूगलच्या वखारींत आपोआप जाऊन पडते, तिला स्वतंत्र कुलूप लावावें लागतें. ती सोय २०२१ पासून आहे. ती कितीजणांनीं वापरली आहे, हें वाचकांनीं आज आपल्याच घरांत विचारून पाहावें.

स्वदेशीच्या अभिमानानें केलेल्या शिफारशी आम्हांस आणखीच निराळ्या वाटतात. २०२५ च्या पावसाळ्याअखेर 'अरट्टाई' या तामिळनाडूंतील झोहो कंपनीच्या साधनाचा मोठा बोलबाला झाला; मंत्र्यांनींही त्याचा पुरस्कार केला. ज्या दिवसांत ही स्तुति चालली होती त्या दिवसांत त्यावरील बोलणें कुलूपबंद होतें, पण लिहिलेला मजकूर नव्हता. पुढें कंपनीनें तेंही काम हातीं घेतलें, हें तिला भूषणावहच. परंतु जासूद आपल्या गांवचा आहे म्हणून तो लखोट्याकडे पाहत नाहीं, असें थोडेंच आहे! 'कू' हेंही स्वदेशीच होतें, मराठींतून लिहिण्याची सोयही तेथें होती. जुलै २०२४ मध्यें तें बंद पडलें. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर २०२३ सालीं झालेल्या कायद्यानें मात्र सरकारला आपल्या खात्यांस त्यांतून सूट देण्याची मुभा ठेवली आहे. तेव्हां कंपनीचें ठाणें कोणत्या देशांत आहे, हा प्रश्न दुय्यम होय.

आतां स्थळांच्या त्या ग्रुपाकडे वळूं. मुलीचें नांव, जन्मवेळ, गोत्र, पगार, वडिलांची जमीन किती एकर, पत्ता, फोन आणि दोन छायाचित्रें, असा कागद तीनशें लोकांच्या हातीं एका क्षणांत पडतो. आमच्या परिचयाच्या एका घरच्या मुलीचें लग्न होऊन दोन वर्षें लोटलीं, तरी तिचा तो कागद हिंडतच होता, आणि अनोळखी माणसांचे फोन तिच्या सासरीं येत होते. त्या मुलीस त्यापायीं जें ऐकावें लागलें तें येथें लिहिण्याजोगें नाहीं. कुलूप तेथें उत्तम होतें. प्रत्येकाजवळ किल्ली होती, इतकेंच. अशा वेळीं आपोआप नाहींसा होणारा मजकूर, किंवा सिग्नलनें २०२४ च्या आरंभीं केलेली, फोन क्रमांक न दाखवतां टोपणनांवानें बोलण्याची सोय, यांचा थोडासा उपयोग होईल. पण ज्यानें कागद पुढें धाडला तो आपलाच मामा असतो.

कुटुंब परत कां आलें, याचें उत्तर आम्हांस जालन्याच्याच इतिहासांत सांपडलें. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता. निजामाचें टपालखातें स्वतंत्र होतें, तिकिटें स्वतंत्र होतीं, आणि तीं संस्थानाच्या हद्दीपुरतींच चालत. पुण्यास पत्र धाडावयाचें तर इंग्रजी तिकीट लावावें लागे. ही अडचण खरीच. पण दुसरें तिकीट लावलें कीं पत्र जाई! पुण्याच्या माणसानें निजामाची रयत व्हावें, अशी अट कोणी घातली नव्हती. आज सिग्नलवरून व्हॉट्सॲपवर पत्र धाडण्यास भारतांत कोणतेंही तिकीट चालत नाहीं. एकट्यानें निघावें तर शाळा, बाजार, भाऊबंद सर्व मागें राहतात. ई-मेलचें असें नाहीं. एका कंपनीचा पत्ता असलेला मनुष्य दुसऱ्या कंपनीकडील माणसास बिनदिक्कत लिहितो. मॅस्टोडॉनची रचना याच तत्त्वावर आहे: ठाणीं निराळीं, पण व्यवहार एकमेकांशीं, एका ठाण्यावरून दुसरीकडे बिऱ्हाड हलविलें तर आपले अनुयायी बरोबर नेतां येतात. नोव्हेंबर २०१९ मध्यें ट्विटरवर रुसून कित्येक भारतीय तिकडे गेले होते. बहुतेक परतले, कारण श्रोते जुन्याच सभेंत बसून होते. युरोपांत कायद्याच्या रेट्यानें व्हॉट्सॲपला २०२५ च्या अखेरीस बाहेरच्या दोन लहान साधनांसाठीं दार किलकिलें करावें लागलें. आमच्या मतें पर्यायांच्या चर्चेंत हीच एक बातमी मोठ्या अक्षरांत छापण्याजोगी होती. मराठींत ती आम्हांस क्वचितच दिसली.

आणखी एक गोष्ट जालनेकरांस कोणीं सांगावयास नको. आरक्षणाच्या आंदोलनाच्या वेळीं, फेब्रुवारी २०२४ मध्यें, जिल्ह्यांत कांहीं तास इंटरनेटच बंद ठेवण्यांत आलें. त्या वेळांत आंधळा जासूद आणि डोळस जासूद दोघेही घरीं बसले. 'ब्रायर' नांवाचें एक साधन इंटरनेटवांचून, एका मोबाइलवरून जवळच्या दुसऱ्या मोबाइलवर निरोप पोंचवितें. एका मंडपांत तें कामास येईल, अंबडहून जालन्यास निरोप धाडण्यास नव्हे.

आमच्या घरीं सिग्नल पुन्हां बसविलें आहे. या खेपेस शाळा व बाजार जेथल्या तेथें राहूं दिले. दवाखान्याचे कागद, बँकेच्या गोष्टी आणि धाकट्या मुलीसाठीं आलेलीं स्थळें एवढींच पांचसहा माणसांत तेथें बोललीं जातात. मामांना मात्र त्यांत अद्याप घेतलेलें नाहीं, आणि ते रागावले आहेत.