'स्मृतिचित्रे' : प्रांजलपणा आणि ईश्वराधीनता

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा मराठीत विपुल गौरव झाला आहे. परंतु तो बहुधा त्यांतील घरगुती भाषेचा आणि विनोदाचा. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र धर्मजीवनाचा ग्रंथ म्हणून आपण क्वचितच वाचतो. वस्तुतः ज्या प्रांजलपणातून हा विनोद उगम पावतो, तोच लक्ष्मीबाईंच्या ईश्वरनिष्ठेचाही पाया आहे.

नारायण वामन टिळकांचे समर्पण डोळ्यांत भरणारे आहे. १८९३ साली राजनांदगावास जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने दिलेला 'नवा करार' त्यांनी वाचला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आणि १९१७ मध्ये मिशनची सेवा सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. लक्ष्मीबाईंपुढील प्रश्न निराळा होता. ईश्वराची आज्ञा पतीने ऐकली. ती आपणांस ऐकू आली आहे काय?

त्यांचे धर्मांतर म्हणजे पातिव्रत्याचेच एक रूप, असा आक्षेप येथे संभवतो. त्याला पुस्तकातील कालक्रमच उत्तर देतो. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई प्रथम मुलासह दूर राहिल्या. पुढे पतीच्या घरी आल्यावरही त्यांनी आपले सोवळे आणि स्वयंपाक वेगळा ठेवला. केवळ पतीची आज्ञा पाळावयाची असती, तर हा खटाटोप कशाला? जातिभेद मनुष्यनिर्मित आहे, अशी खात्री त्यांच्या मनाने आधी करून घेतली. बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, १९०० साली. न पटलेले आचरण त्यांनी पतीच्या प्रेमापोटीही स्वीकारले नाही, आणि पटलेले लोकलज्जेपोटी टाळले नाही. प्रामाणिकपणावाचून आज्ञापालन हा केवळ उपचार ठरतो, ही ख्रिस्ती शिकवण येथे प्रवचनावाचून प्रत्ययास येते.

धर्मांतराच्या कथनांत पूर्वायुष्य काळेकुट्ट रंगविण्याची प्रथा आहे. लक्ष्मीबाई तिच्या वाटेस जात नाहीत. घरात येणारी वस्तू धुऊन घेणाऱ्या वडिलांचे सोवळे त्या हसत सांगतात; पण त्या हसण्यात तुच्छता नाही. स्वतःचा राग, रडे, हट्ट आणि पतीचा तापट, उधळा स्वभाव यांवरही त्या पांघरूण घालीत नाहीत. म्हणूनच पुढे दुष्काळात पोरकी झालेली मुले त्यांच्या घरात वाढतात आणि प्लेगच्या दिवसांत त्या रुग्णांची शुश्रूषा करतात, तेव्हा वाचकास पुण्यकृत्यांची यादी वाचल्यासारखे वाटत नाही. देवाची आज्ञा चुलीपर्यंत आणि आजाऱ्याच्या अंथरुणापर्यंत पोहोचल्याचे ते साधे वृत्त असते.

पुस्तकाची मर्यादाही नमूद केली पाहिजे. प्रार्थनेतील एकांत किंवा तत्त्वचिंतन येथे फारसे नाही. त्यासाठी टिळकांच्या अभंगांकडे, अथवा त्यांनी आरंभिलेल्या आणि लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलेल्या 'ख्रिस्तायना'कडे वळावे लागते.

सोवळ्याची चाल अद्याप परिचित असलेल्या उज्जयिनीसारख्या तीर्थक्षेत्री हे पुस्तक शिकविताना शिक्षकास एक मोह होतो : विनोदी उतारे वाचावेत आणि धर्माचा अवघड भाग ओलांडून जावा. तसे केल्यास विद्यार्थ्यांना हसू मिळेल, लक्ष्मीबाई मिळणार नाहीत. पतीच्या घरी वेगळी चूल मांडणारी आणि मन पालटल्यावर ती स्वतःच्या हाताने विझविणारी स्त्री, हाच या ग्रंथाचा गाभा आहे. कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्याला त्यातून एकच प्रश्न पडावा : मी पाळतो ते मला खरोखर पटले आहे काय?