यमू ते अचला : नायिकेच्या द्वंद्वाचे स्थान

मराठी कादंबरीतील स्त्रीचित्रणाचा विचार करताना ‘परंपरा’ आणि ‘आधुनिकता’ अशी दोन विरुद्ध दालने कल्पावयाची आणि नायिकेला एकातून दुसऱ्यात नेणारा आलेख काढावयाचा, ही प्रथा अभ्यासकांत रूढ आहे. आलेख सोयीचा खरा. परंतु मूळ कृती बारकाईने वाचू लागताच तो टिकत नाही. हरि नारायण आपटे यांची यमू आणि विभावरी शिरूरकर यांची अचला यांच्यामध्ये जेमतेम चार दशकांचे अंतर आहे. या अवधीत द्वंद्व मिटले नाही; त्याचे स्थान तेवढे बदलले.

‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. यमूला वाचावयास शिकवितो तो तिचा पती रघुनाथराव. तिची नवी जाणीव मुंबईतील त्या छोट्या संसारात, पतीच्या आश्रयाने उमलते आणि त्याच्या मृत्यूबरोबर निराधार होते. शंकरमामंजींच्या सत्तेखाली होणारे केशवपन हे रूढीच्या क्रौर्याचे चित्र म्हणून पुष्कळदा वाखाणले गेले आहे; परंतु त्याची खरी दाहकता अन्यत्र आहे. यमूला मिळालेली आधुनिकता ही उसनी होती, आणि धनको मरताच ती परत मागितली गेली. मागे उरते ते केवळ आपली कथा सांगण्याचे सामर्थ्य. तिचे प्रथमपुरुषी निवेदन हा म्हणूनच निव्वळ तंत्राचा भाग मानता येत नाही.

वामन मल्हार जोशी यांनी ‘रागिणी’त (१९१५) हेच द्वंद्व रागिणी आणि उत्तरा या दोघींत वाटून दिले. त्यामुळे चर्चेला बहर आला (आणि वामनरावांची पात्रे चर्चेला कंटाळत नाहीत!), पण दोन व्यक्तींत विभागलेले द्वंद्व हा वाद होतो, यातना होत नाही.

‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध होताच जे वादळ उठले, त्याचे कारण सामान्यतः लेखिकेच्या धीटपणात शोधले जाते. ते अपुरे आहे. मुलीला शाळेत घालणारा सुधारक पिता आणि तिच्या पगारावर घर चालल्यामुळे तिच्या विवाहाचा प्रश्न लांबणीवर टाकणारा पिता ही एकच व्यक्ती आहे, हे या कथांनी दाखविले. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ हे एका कथेचे शीर्षकच पुरेसे बोलके आहे. येथे शिक्षण परंपरेशी झुंजत नाही; तिच्या सेवेस रुजू होते. पुण्यामुंबईच्या सुधारक वर्गाला ही गोष्ट झोंबली असल्यास नवल नाही.

‘हिंदोळ्यावर’ (१९३४) मध्ये पतीने टाकलेली अचला विरागवर प्रेम करते. तत्कालीन हिंदू कायद्याने तिला घटस्फोटाचा मार्ग मोकळा नव्हता; मुंबई प्रांतात तो १९४७ मध्ये आणि देशभर १९५५ मध्ये झाला. लेखिकेने १९३२ मध्ये हिंदू व्यवहारधर्मशास्त्रावर सहलेखनाने ग्रंथ सिद्ध केला होता. तेव्हा ही कोंडी तिने भावनेच्या भरात रचली, असे म्हणता येत नाही. विराग मात्र काहीसा छायारूप राहिला आहे, आणि भावोत्कट प्रसंगी भाषेचा तोल सुटतो. कायदा झाल्यावर कादंबरी कालबाह्य झाली, हा आक्षेप मात्र ग्राह्य नाही. बुद्धीने निर्णय घेतल्यानंतरही अचलेच्या मनात उरणारी अपराधाची जाणीव कोणत्याही कलमाने रद्द होणारी नव्हती.

यापेक्षा गंभीर आक्षेप वेगळाच आहे. पाटाची चाल असलेल्या जातींत विधवेचे केशवपन हा प्रश्न नव्हता. काडीमोडीची रूढी असलेल्या जातींत अचलेची कोंडी त्या स्वरूपात संभवत नाही, आणि १९५५ च्या कायद्यानेही अशा रूढी अबाधित ठेवल्या. ‘मराठी स्त्रीची परंपरा’ म्हणून जी चर्चिली जाते, ती बहुतांशी एका वर्गाच्या माजघरातील आहे. स्वतः शिरूरकरांनी ‘बळी’त (१९५०) हे माजघर सोडले. सोलापूरकडील, गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या वसाहतीचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव होता. तेथे आधुनिकता पतीच्या हातातील पुस्तकाच्या रूपाने येत नाही. ती तारेचे कुंपण आणि रोजची हजेरी घेऊन येते. यमू–अचला या मालिकेत त्या कुंपणाआडच्या स्त्रीला कोठे बसवावयाचे, याचा विचार अद्याप पुरेसा झालेला नाही.