दक्षिण खिडकीतील प्रकाश

जर्मनीतील कोलोनचे कॅथीड्रल भाविकांना ठाऊक आहे ते तीन ज्ञानी राजांच्या पवित्र अवशेषांमुळे. या क्रूसाकार मंदिराच्या दक्षिण भुजेतील भव्य खिडकी दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली आणि पुढे तेथे साधी काच बसली. २००७ साली चित्रकार गेरहार्ड रिश्टर यांनी तिला नवे रूप दिले. क्षेत्रफळ ११३ चौरस मीटर, रंग ७२, चौकोनी काचा अकरा हजारांहून अधिक. त्यांत ना संत, ना शास्त्रातील प्रसंग. कोणता रंग कोठे यावा, हेही बव्हंशी संगणकाच्या योगायोगावर सोपवलेले.

मूळ मानस होता तो विसाव्या शतकातील रक्तसाक्षींची चित्रे तेथे असावीत असा. तत्कालीन महागुरुस्वामी कार्डिनल माइस्नर यांनी ही खिडकी मशिदीत अधिक शोभेल, असे जाहीरपणे म्हटले. त्यांची खंत आम्ही हलकी मानत नाही. संत एडिथ स्टाइन यांनी १९३३ साली याच शहरातील कार्मेल मठात प्रवेश केला होता. आईने बोट दाखवून लेकराला त्यांची कथा सांगावी, अशी जागा येथे होती, ती गेली.

आम्ही ही खिडकी प्रथम पाहिली तेव्हा आभाळ भरलेले होते. कापडाच्या दुकानातील नमुन्यांचा तक्ता पाहावा, तसे वाटले. मन खट्टू झाले. थोड्या वेळाने ऊन पडले आणि तांबडे, हिरवे, निळे कवडसे दगडी खांबांवर उतरले. बाकावर जपमाळ करीत बसलेल्या एका वृद्धेचे हात क्षणभर सोनेरी झाले. ढग आला, सारे विझले. तेव्हा उमगले, की ही कलाकृती केवळ काचेत नाही. ऋतू, प्रहर आणि खाली बसलेला भाविक मिळून ती दर घटकेला नवी होते.

शिवाय ते ७२ रंग याच मंदिराच्या जुन्या खिडक्यांतून निवडलेले आहेत. म्हणजे पाहुणी परकी नव्हे, घरातलीच आहे. मांडणी योगायोगाची असेल. सूर्य मात्र योगायोगाने उगवत नाही. उत्पत्तीच्या ग्रंथात सूर्यचंद्रांच्याही आधी प्रकाश निर्माण होतो, याचे स्मरण ही खिडकी शब्दांवाचून देते.

तरीही आमचे मत सांगायचे तर, ही खिडकी विस्मय देते, नाव देत नाही. आजूबाजूच्या खिडक्या ख्रिस्ताची व संतांची कथा सांगतात, म्हणून हिचे मौन प्रार्थनेसारखे वाटते. सर्वच खिडक्या अशा असत्या, तर ते केवळ मौनच राहिले असते. आपली मंदिरे नव्याने बांधताना रंगीत काच निवडणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे.